नाव तरी सांगा!

चाल डोक्यात ताजी असते, हार्मोनियमचा तुकडा पटकन घ्यायचा असतो, आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडला की पडद्यावर तीच पाटी: 'ऑडिओ डिव्हाइस दुसरा प्रोग्राम वापरत आहे.' अरे, पण कुठला? नाव सांगायला काय जातं तुमचं? मग बसा शोधत. ब्राउझरच्या टॅबमधला थांबवलेला व्हिडिओ बंद करा, मागे चालू राहिलेलं मीटिंगचं अ‍ॅप बंद करा, तरी आवाज नाहीच.

काही एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअरला थेट ऑडिओ डिव्हाइसशी जोडणारे दुवे, एका वेळी एकाच प्रोग्रामला दाद देतात, हे ठाऊक आहे. सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करणारा सिस्टिमचा मिक्सर मधून काढला की पट्टी दाबल्यापासून सूर कानावर येईपर्यंतचा उशीर कमी होतो, तेही पटतं. पण वाट कोण अडवतंय ते तरी कळू द्या!

त्यात सॅम्पल रेटचं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे त्याचं, त्रांगडं. गाण्याचा प्रोजेक्ट ४४,१०० हर्ट्झवर, व्हिडिओ बहुधा ४८,००० वर. दुसऱ्या कुणी परस्पर रेट बदलला आणि सॉफ्टवेअरला पत्ता लागला नाही, की काळी एकचा षड्ज थेट पांढरी दोनच्याही वर! लयही पळते. गायिका समोर माइकपाशी उभी, आणि आपण सेटिंग्जमध्ये डोकं खुपसून.

ब्लूटूथ हेडफोनचा तर संतापच येतो. न विचारता जोडले जातात, आउटपुट तिकडे वळतं, आणि त्यांचा माइक सुरू झाला की तबला फोनवरून ऐकल्यासारखा चपटा.

पाटीवर अडवणाऱ्या प्रोग्रामचं नाव लिहा, शेजारी 'मोकळं करा' असं बटण द्या. एवढं करायला इतकी वर्षं का लागतात?