‘गिनी पिग आजारी पडला की जातोच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

उन्हाळा लागला की मराठवाड्यातल्या पाळीव प्राण्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. गिनी पिग (गवत खाणारा लहानसा पाळीव प्राणी) ही नाजूक जात, आजारी पडली की एका दिवसात जाते, दवाखान्याचा काही उपयोग नसतो, असं त्यात म्हटलेलं असतं. पुढे सल्ले असतात: पोट बिघडलं तर दिवसभर उपाशी ठेवा, घरातली अँटिबायोटिकची पाव गोळी द्या, पाण्यात व्हिटॅमिन सीचे थेंब टाका, उन्हाळ्यात कुलर लावा, आणि गेलाच तर त्याच दिवशी दुसरा आणा. ज्यांचा लाडका जीव नुकताच गेलाय, त्यांना यातून थोडा धीर मिळतो, हे खरं. पण यातल्या पहिल्या दोन सल्ल्यांनी जिवंत जनावरं मरतात.

आधी ती पाव गोळी. घरात उरलेली अँटिबायोटिक बहुधा अमॉक्सिसिलिन असते. गिनी पिगचा चारा पचवतात ते त्याच्या आतड्यातले जिवाणू, आणि पेनिसिलिनच्या कुळातली औषधं नेमके तेच मारतात. मग रिकाम्या जागेवर क्लोस्ट्रिडियम हा जिवाणू माजतो आणि त्याचं विष अंगात भिनतं. काही दिवसांत खाणं सुटतं, जुलाब लागतात, अंग गार पडतं. घरचे म्हणतात, मूळ आजारानंच गेला. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही टाळायची नावं कागदावर लिहून पिंजऱ्याजवळ चिकटवा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दिवसभर गाई-म्हशी नि शेळ्याच येतात. तिथे डॉक्टरांना ‘हा गिनी पिग आहे, पेनिसिलिन चालत नाही’ हे आपणहून सांगा, त्यात संकोच कसला? अँटिबायोटिक लागलंच, तर एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही औषधं वापरतात. डोस मात्र वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

‘दिवसभर उपाशी ठेवा’ हा सल्लाही तितकाच घातक. या प्राण्याचं आतडं सतत चारा पुढे सरकत राहिला तरच चालतं. बारा तास काही खाल्लं नाही, तर आतडं मंदावतं, गॅस धरतो, आणि उपास लांबला की यकृतात चरबी साचते. अशा वेळी त्याचे रोजचे पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करा. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज ओठाच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे सरकवा आणि एका वेळी थोडंच सोडा. त्याने चावून गिळलं की मगच पुढचा घोट. उताणं धरून भरवू नका, लापशी श्वासनळीत जाते. किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ८० मिली, पाच-सहा वेळांत वाटून. पोट फुगून ढोलासारखं लागत असेल, तर भरवत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

‘एका दिवसात जाते’ असं वाटतं, कारण शिकार होणारा प्राणी शेवटपर्यंत दुखणं लपवतो. आजार त्याच्या बऱ्याच आधी सुरू झालेला असतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला, शक्यतो ठरलेल्या वेळी, वजन घ्या. मोठ्या गिनी पिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. ५० ग्रॅम घटलं तर रोज वजन करा, १०० घटलं तर दवाखान्यात न्या. लेंड्याही बघा: सारख्या, लांबट, ओलसर असतील तर ठीक. बारीक, कोरड्या, एका टोकाला निमुळत्या झाल्या, म्हणजे खाणं कमी झालंय. घास उचलून खाली टाकतोय, हनुवटी ओली आहे, तर दाढा वाढल्यात. खालच्या दाढा आत वळून जिभेवर कमान धरतात. पुढचे दात कापून त्याचा काही उपयोग होत नाही.

दाढा झिजतात त्या गवताने. वाळलेली हरळी, मारवेल, पवना, यातलं काहीही चोवीस तास समोर हवं. लसूणघासात कॅल्शियम फार, त्यामुळे मोठ्यांना रोज दिला तर मूतखड्याचा धोका वाढतो. भाकरी आणि दूध तर नकोच.

पाण्यातलं व्हिटॅमिन सी उजेडाने काही तासांत निकामी होऊ लागतं आणि चव बदलली की तो पाणीच कमी पितो. हे जीवनसत्त्व त्याचं शरीर बनवू शकत नाही. किलोमागे रोज निदान १० मिलिग्रॅम लागतं, आजारात ३० पर्यंत. २० ग्रॅम ढोबळी मिरचीत किंवा पेरूच्या लहान फोडीत रोजचं भागतं. कमतरता काही आठवडे राहिली की सांधे सुजतात, केस विस्कटतात, तो हलेनासा होतो. याला लोक ‘म्हातारपण’ म्हणतात. नीट सांभाळला तर हा प्राणी पाच ते आठ वर्षं जगतो.

कुलरचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो गारवा देतो, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको. जूनच्या दमट हवेत त्याचा उपयोग फारसा होत नाही. पत्र्याच्या खोलीतून पिंजरा जमिनीलगत, आतल्या खोलीत हलवा. खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, शेजारी फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. ऊन लागून आडवा पडला, लाळ गळतेय, तर कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करा, बर्फात बुडवू नका, आणि लगेच निघा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. लहान प्राणी कोण बघतं, हे फोन करून आधी विचारा.

एवढं करूनही काही जीव वाचत नाहीत. गाठी, न्यूमोनिया, हृदयाचे आजार असतातच. वेदना आवरत नसतील, तर डॉक्टरांशी इंजेक्शन देऊन शांत मरण देण्याबद्दल बोला. ते विचारण्यात प्रेम कमी पडत नाही. पुरताना काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते हे ध्यानात ठेवून तीन फूट खोल खणा आणि वर दगड ठेवा, नाहीतर कुत्री उकरतात.

आणि त्याच दिवशी दुसरा आणू नका. मागे राहिलेला जोडीदार मलूल होतो, म्हणून आठवडाभर त्याचं रोज वजन करा, जवळ बसा. पण पहिला संसर्गाने गेला असेल, तर तो आजार नव्यालाही लागेल. पिंजरा साबणाने धुऊन उन्हात वाळवा. जोडीदार निरोगी आहे याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. मग नवा आणला, तरी दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा आणि आधी जुन्याचं खाणं-साफसफाई, मगच नव्याची.