सबवेची दुकानं ट्यूनामुळे बंद पडली नाहीत

सबवे या सँडविचच्या साखळीबद्दल एक दावा बरीच वर्षं फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने सबवेचा ब्रेड हा ब्रेड नसून केक आहे असा निकाल दिला; ट्यूनाच्या सँडविचमध्ये ट्यूना मासा सापडलाच नाही; चिकनमध्ये निम्मं सोया निघालं; ब्रेडमध्ये योगा मॅटचं रसायन घालतात; फूटभर म्हणून विकतात ते सँडविच अकरा इंचांचं असतं. लोकांना हे कळलं, डोळे उघडले, आणि म्हणून अमेरिकेत हजारो दुकानांना टाळं लागलं.

यातल्या प्रत्येक तुकड्यामागे काही ना काही खरंच घडलेलं आहे, म्हणून हा दावा पटकन पटतो. पण तुकडे तपासायला घेतले की बरेचसे अर्धवट निघतात आणि त्यातलं ‘म्हणून’ तर अजिबात टिकत नाही. अमेरिकेत 2015 च्या सुमारास सबवेची 27 हजार दुकानं होती. 2024 संपताना ती 20 हजारांच्या खाली आली. ही दुकानं कंपनीची नव्हती. ती चालवणारे छोटे मालक होते, त्यात बाहेरच्या देशांतून आलेले पुष्कळ आणि त्यांच्यात आपले भारतीयही. दुकानं का गेली याचं उत्तर चुकीचं दिलं, तर या माणसांचं काय झालं हे कुणी विचारतच नाही. मला हा दावा खटकतो तो त्यासाठी.

‘कोर्टाने सांगितलं, तो ब्रेड नाही, केक आहे.’

न्यायालयापुढे प्रश्न कराचा होता. आयर्लंडमधल्या एका फ्रँचायझी चालवणाऱ्या कंपनीने, आपण भरलेला व्हॅट परत मिळावा अशी मागणी केली होती. तिथल्या 1972 च्या कायद्यात रोजच्या जेवणातल्या मूलभूत पदार्थांवर शून्य कर होता, त्यात ब्रेड येत होता. पण कुठला ब्रेड, हेही कायद्याने सांगितलं होतं: साखर पिठाच्या वजनाच्या 2 टक्क्यांपेक्षा जास्त नको. ही अट घालण्याचा हेतू गोड बेकरी पदार्थांना सवलतीबाहेर ठेवण्याचा होता. सबवेच्या ब्रेडमध्ये साखर 10 टक्के होती. त्यामुळे सप्टेंबर 2020 मध्ये न्यायालयाने सवलत नाकारली. हा ब्रेड केक आहे, असा निकाल न्यायालयाने दिला नाही. ते मथळ्यांनी लावलेलं शेपूट आहे.

आपल्याकडे त्याच वर्षी याचीच आवृत्ती घडली. कर्नाटकातल्या जीएसटी प्राधिकरणाने पाकीटबंद परोट्याला 18 टक्के कर लावला, कारण 5 टक्क्यांच्या यादीत साधी चपाती आणि रोटी होती, परोटा नव्हता. समाजमाध्यमांवर केवढा गदारोळ झाला! पण परोटा गव्हाचा नसतो असा अर्थ त्यातून कुणी काढला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये रोटी आणि परोटा दोन्ही करमुक्त झाले, तेव्हाही परोट्याची कणीक बदलली नव्हती.

पिठाच्या 10 टक्के साखर हे प्रमाण गोडच आहे, यात शंका नाही. बर्गरच्या मऊ बनमध्ये साधारण एवढी असते. ज्या कंपनीने वर्षानुवर्षं स्वतःला बर्गरपेक्षा आरोग्यदायी म्हणवून घेतलं, तिला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण ‘तुमचा ब्रेड इतका गोड का?’ हा प्रश्न आणि ‘तो ब्रेडच नाही’ हा आरोप, यांत फार अंतर आहे.

‘ट्यूनामध्ये ट्यूना नाही.’

जानेवारी 2021 मध्ये कॅलिफोर्नियात दोन ग्राहकांनी खटला भरला, त्यात हा आरोप होता. काही महिन्यांतच त्यांनी स्वतःच दावा बदलला आणि ट्यूनाच्या जातीवर बोट ठेवलं. पुढे पुन्हा बदलला. जून 2021 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने लॉस एंजेलिसमधल्या तीन दुकानांतून सँडविचं घेऊन प्रयोगशाळेत पाठवली. तिथे ट्यूनाचा डीएनए ओळखता आला नाही. फिरणाऱ्या दाव्यात गोष्ट इथे संपते. प्रयोगशाळेने मात्र दोन शक्यता सांगितल्या होत्या: एक तर मासा इतका प्रक्रिया केलेला आहे की डीएनए हाती लागत नाही, किंवा त्यात ट्यूना नाही. डब्यातला ट्यूना उच्च तापमानाला शिजवलेला असतो आणि त्या उष्णतेत डीएनएचे तुकडे होतात, हे मत्स्यतपासणी करणाऱ्यांना ठाऊक असतं. एका टीव्ही कार्यक्रमाने न्यूयॉर्कमधल्या दुकानांतले नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासले, तिथे ट्यूना सापडला. 2023 मध्ये खटला निकाली निघाला, आरोप सिद्ध न होताच.

‘चिकनमध्ये निम्मं सोया.’

इथे मी कंपनीला पूर्ण मोकळं सोडणार नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी करून घेतली. सबवेच्या भाजलेल्या चिकनमध्ये कोंबडीच्या डीएनएचं प्रमाण सुमारे 54 टक्के आणि चिकनच्या पट्ट्यांमध्ये सुमारे 43 टक्के आलं. बाकी बहुतेक डीएनए सोयाचा होता. इतर साखळ्यांचं चिकन 85-90 टक्क्यांच्या आसपास होतं. सबवेने आकडे नाकारले आणि 21 कोटी कॅनेडियन डॉलरचा दावा ठोकला. 2019 मध्ये न्यायालयाने सीबीसीविरुद्धचा दावा फेटाळला, कारण बातमी सार्वजनिक हिताची होती.

डीएनएचं प्रमाण म्हणजे वजनाचं प्रमाण नव्हे. 54 टक्के डीएनए कोंबडीचा आला, म्हणून अर्धं मांस सोयाचं होतं असं म्हणता येत नाही. पण त्यात सोया आणि इतर घटक मिसळले जातात हे घटकांच्या यादीतच होतं, आणि इतर साखळ्यांच्या तुलनेत फरक दिसलाच. ‘निम्मं सोया’ हे सिद्ध झालेलं नाही. ‘निव्वळ कोंबडी’ हेही खरं नाही.

योगा मॅटचं रसायन म्हणजे अझोडायकार्बनामाइड. ते ब्रेडमध्ये होतं, अमेरिकेत मर्यादित प्रमाणात कायदेशीर आहे, युरोपात नाही. अमेरिकेतल्या इतर कितीतरी कंपन्यांच्या ब्रेडमध्येही ते होतं. 2014 मध्ये एका ब्लॉगलेखिकेने मोहीम चालवली आणि सबवेने ते काढून टाकलं. ग्राहकांचा तो विजय होता. अकरा इंचांचं प्रकरण 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका फोटोतून निघालं. पिठाचा गोळा ठरलेल्या वजनाचा, भाजताना कधी लांब होतो, कधी रुंद. आतलं सारण मापानेच घालतात. त्यावरून झालेल्या खटल्याच्या तडजोडीत पैसे मिळणार होते ते मुख्यतः वकिलांना, म्हणून 2017 मध्ये अपील न्यायालयाने ती तडजोड रद्द केली. यात ग्राहकाचं पोट कुठेच कापलं गेलं नव्हतं.

आता ‘म्हणून’.

तारखा ओळीने लावून बघा. सबवेची अमेरिकेतली विक्री 2014 मध्येच सुमारे 3 टक्क्यांनी घसरली. 2016 मध्ये पहिल्यांदाच उघडलेल्या दुकानांपेक्षा बंद झालेली दुकानं जास्त निघाली, आणि पुढेही दर वर्षी दुकानं कमीच होत गेली. चिकनची बातमी 2017 ची, आयर्लंडचा निकाल 2020 चा, ट्यूनाचा खटला 2021 चा. कारण घटनेच्या नंतर येत नाही. कंपनीच्या जाहिरातींचा चेहरा असलेला जेरेड फोगल 2015 मध्ये मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरला, त्याने कंपनीचं नाव नक्की डागाळलं. पण घसरण त्याच्याही आधीची. शिवाय ट्यूना-चिकनच्या बातम्या जगभर गेल्या, तरी अमेरिकेबाहेर सबवेचे वाढीचे करार होत राहिले. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशासाठी 2021 मध्ये एव्हरस्टोन या गुंतवणूक समूहाने दहा वर्षांत दोन हजार दुकानांचं लक्ष्य ठेवून हक्क घेतले.

मग अमेरिकेत बिनसलं कुठे?

1965 मध्ये कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्ट इथे सतरा वर्षांच्या फ्रेड डेलुकाने, पीटर बक या भौतिकशास्त्रज्ञाकडून हजार डॉलर घेऊन पहिलं दुकान काढलं. 1974 पासून फ्रँचायझी सुरू झाली. दुकान उघडायला पैसे इतर साखळ्यांपेक्षा खूप कमी लागत: भट्टी, काउंटर, फ्रीज, तळण नाही, धुराडं नाही. त्यामुळे पेट्रोल पंपावर, वॉलमार्टमध्ये, रुग्णालयात, कुठेही सबवे बसवता आली. लोकांना ती आवडली ती डोळ्यांदेखत आपल्या पसंतीच्या भाज्या घालून सँडविच मिळायचं म्हणून. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या शाकाहारी मुलांना विचारा, लहान गावात रात्री नऊला पोटभर खायला दुसरं काय मिळायचं.

2010 च्या अखेरीस सबवेने दुकानांच्या संख्येत जगात मॅकडोनाल्ड्सला मागे टाकलं. अमेरिकेत तर तिची दुकानं पुढे मॅकडोनाल्ड्सच्या जवळजवळ दुप्पट झाली. कंपनी मालकाकडून विक्रीच्या 8 टक्के रॉयल्टी घेते आणि वर 4.5 टक्के जाहिरातीसाठी. नफ्याच्या नाही, विक्रीच्या. तुमच्या दुकानापासून चार चौक सोडून दुसरी सबवे उघडली, तुमचं गिऱ्हाईक वाटलं गेलं, तरी दोन्ही दुकानांची मिळून विक्री थोडी वाढली की कंपनीचं उत्पन्न वाढतं. नवी दुकानं उभी करणाऱ्या प्रादेशिक एजंटांनाही त्यात वाटा. थांबा म्हणणारं कुणी नव्हतंच. एका दुकानाची वर्षाची विक्री सरासरी पाच लाख डॉलरच्या आत राहिली. प्रतिस्पर्धी जर्सी माइक्सची बारा लाखांच्या वर गेली.

ग्राहकाचं मत इथे बदललं, काउंटरवर. तंगीत आलेला मालक पाळीला एकच माणूस ठेवतो, सकाळचा ब्रेड संध्याकाळीही वापरतो, फर्निचर बदलत नाही. शेजारच्या दुकानात मांस समोर कापून देतात, आणि ‘ताजं खा’ सांगणाऱ्या सबवेत ते कापूनच पाकिटातून येत होतं, थेट 2023 पर्यंत. मग कंपनीने 8 कोटी डॉलर घालून दुकानांत कापण्याची यंत्रं बसवली. हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं.

आणि किंमत. मायामीतल्या स्टुअर्ट फ्रँकेल नावाच्या फ्रँचायझी मालकाने शनिवार-रविवारची विक्री वाढावी म्हणून फूटभर सँडविच पाच डॉलरला द्यायला सुरुवात केली. 2008 मध्ये, मंदीच्या तोंडावर, ती योजना देशभर गेली आणि वर्षभरात तिच्यावर 380 कोटी डॉलरची विक्री झाली. लोकांच्या मनात सबवे म्हणजे पाच डॉलर, हे कोरलं गेलं. 2016 मध्ये ते सहा झाले तेव्हा लोक चिडले. 2018 मध्ये कंपनीने 4.99 ची योजना परत आणायचं ठरवलं तेव्हा चारशेच्या वर मालकांनी सह्या करून विरोध केला, कारण त्या भावात त्यांना काही सुटत नव्हतं. कंपनीची रॉयल्टी मात्र विक्रीवर, ती सुटतच होती.

एप्रिल 2024 मध्ये रोआर्क कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने सुमारे 960 कोटी डॉलरना सबवे विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी अ‍ॅपवर फूटभर सँडविच 6.99 ला देण्याची सवलत निघाली. 2008 चे पाच डॉलर महागाई धरून 2024 मध्ये सव्वासातच्या आसपास होतात. म्हणजे गिऱ्हाइकाला ते जुन्या भावापेक्षा स्वस्त मिळत होतं, तरीही महाग वाटत होतं, कारण एरवी त्याच सँडविचला दहा-बारा डॉलर मोजायची वेळ त्याच्यावर आली होती. आणि ती सवलत मालकाला द्यायची होती स्वतःच्या गल्ल्यातून, साडेबारा टक्के आधी बाजूला काढून.