'आधी साक्ष होऊ द्या, मग अपील करा': काकांच्या कमेंटला उत्तर

काका, कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, टेक्सासमध्ये दावा लावायच्या आधीच डिपॉझिशनची, म्हणजे कोर्टाबाहेर शपथेवर साक्ष घ्यायची, ऑर्डर मिळते (तिथल्या दिवाणी नियमांतला रूल २०२), तर त्यात वरच्या कोर्टाने मध्येच नाक खुपसायचं कशाला, निकाल लागल्यावर करा की अपील, आणि मी उगाच कंपन्यांची तळी उचलतोय.

अहो, पण दावाच लागला नाही तर निकाल कुठला आणि अपील कसलं? ही ऑर्डर नुसतं 'दावा होतो का बघू' म्हणूनही मिळते. माणसाला शपथेवर बसवतात, समोर स्टेनोग्राफर, 'आज काही औषधं घेतलीत का' पासून सुरुवात होते आणि मग तासन्‌तास उलटतपासणीसारखं चालतं. नंतर वरचं कोर्ट म्हणालं की ऑर्डर चुकीची होती, तर बोललेलं परत गिळता येतं का? म्हणून ज्याच्यावर दावा लावायचा बेत आहे तो अपील नाही करत, मँडमस मागतो, म्हणजे वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाला सरळ हुकूम द्यावा म्हणून अर्ज, आपल्याकडे घटनेच्या कलम २२७ खाली हायकोर्टात जातात साधारण तसं. साक्षीदार तिऱ्हाईत असेल तर मात्र ऑर्डर फायनल धरतात, सरळ अपील चालतं.

आता कंपन्या. 'ट्रूपर' नावाने एक जण रेनॉल्ड्स अँड रेनॉल्ड्स या कंपनीवर ब्लॉगमधून झोड उठवत होता. तो कोण हे गूगलकडून काढून घ्यायला ह्यूस्टनच्या कोर्टात गेलं कोण, तर कंपनीच! त्याआधी २०११ मध्ये, गूगलकडून बिननावाच्या ब्लॉगवाल्यांची नावं काढून घ्यायच्या दुसऱ्याच एका प्रकरणात, टेक्सास सुप्रीम कोर्टाने अशीच ऑर्डर उडवली होती, कारण रूलमध्ये लागतं ते फाइंडिंगच (निष्कर्ष) ट्रायल कोर्टाने लिहिलं नव्हतं, म्हणजे फायदा त्रासापेक्षा जास्त आहे वगैरे, आणि ते गृहीत धरता येत नाही म्हणाले. २०१४ ला ट्रूपरचं प्रकरण त्याच कोर्टात गेलं, तेव्हा ५ विरुद्ध ४ ने ठरलं की ज्याच्यावर दावा लावायचा त्याच्यावर टेक्सासच्या कोर्टाचा अधिकार चालतो हे आधी दाखवा. मग वाचलं कोण, काका? तो बिननावाचा माणूस.

डॉक्टरांच्या बाबतीत मात्र तुमचा राग मला पटतो. २००८ च्या जॉर्डन केसमध्ये ठरलं की उपचारात चूक झाली असं सांगणारा तज्ज्ञाचा रिपोर्ट येईपर्यंत असं डिपॉझिशन नाही. आता पेशंट गेलेला, घरच्यांच्या हातात फक्त केसपेपर, आणि रात्री वॉर्डात नेमकं काय झालं हे ज्याला माहीत त्यालाच विचारायचं नाही. तिथे माझ्याकडेही उत्तर नाही.