तुरटीने पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही

कृष्णेच्या पुरानंतरच्या काळजीवरचा लेख चांगला आहे, पण 'टाकीत तुरटी फिरवा, पाणी पिण्यालायक होतं' हे वाक्य दुरुस्त करा. तुरटीने गाळ खाली बसतो. कॉलरा, टायफॉइडचे जिवाणू आणि काविळीचे विषाणू मारायला क्लोरीन लागतो, नाहीतर पाणी उकळावं लागतं. तुरटी आधी, कारण गढूळ पाण्यात बराच क्लोरीन गाळच खाऊन टाकतो.

प्रमाण: 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे साधारण सपाट चहाचा चमचा. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली भरून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. वरची निवळी टाकीत ओता, खालचा चुना नको. अर्धा तास तरी थांबायचं. ओटीच्या (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाच्या) थेंबांनी नमुन्याचं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. रंगच नाही आला तर बहुधा पावडर मेलेली. तोंड उघडं राहिलेल्या गोणीचं असंच होतं, ग्रामपंचायतीच्या गोदामातसुद्धा.

लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) गोष्ट वेगळी. त्याचा जंतू मुख्यतः उंदराच्या मुतातून, चिखलातून, पायाच्या चिरेतून शिरतो. सांगलीवाडीला घरातला गाळ उपसताना गमबूट हवेतच, चप्पल चालत नाही. नंतर ताप आणि पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना 'पुराच्या पाण्यात होतो' हे आधी सांगा. लेप्टोवर अँटिबायोटिक चालतं, पाण्यातून होणाऱ्या काविळीवर नाही. मेडिकलमधून आपणहून गोळ्या आणू नका.