गटार बघायला लंडन

"भाऊजी, एवढा व्हिसा काढून आलो ते गटाराचा पंप बघायला?" गेल्या उन्हाळ्यात लंडनच्या ॲबी वूड स्टेशनला उतरल्या उतरल्या, माझ्याकडे इथे आलेल्या वहिनींनी विचारलं होतं. दीड तासानं त्याच वहिनी डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून लोखंडी नक्षीचे फोटो काढत सुटल्या होत्या. त्यातले नऊ फोटो फॅमिली ग्रुपवर पडले आणि तिथे जे भांडण पेटलं ते अजून धुमसतंय.

आतेभावाचं म्हणणं, "बघा, तिकडचं सरकार गटारसुद्धा जपतं. आपल्याकडे वाडे पडतात." त्यावर पुतण्याचं उत्तर, "आपल्याच पैशांवर बांधलंय सगळं. काका, तुम्ही तिकडे गाइडगिरी करा." दोघांनी शेवटी मलाच साक्षीला बोलावलं. मला दोघांचाही राग आला. आतेभावाचा जरा जास्त, कारण तो माझी बाजू घेतोय असं त्याला वाटत होतं.

हा गटाराचा पंप म्हणजे क्रॉसनेस पंपिंग स्टेशन. ते कुठल्याही टूरच्या यादीत नसतं. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सला अशी घाण सुटली, की पार्लमेंटचे पडदे ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवून टांगावे लागले. खासदारांच्या नाकाशी आल्यावर मग पैसे मंजूर झाले. जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरनं दक्षिण लंडनचं मैलापाणी इथवर आणलं आणि ते उपसायला १८६५मध्ये चार वाफेची इंजिनं सुरू झाली. नावं राजघराण्यातली : व्हिक्टोरिया, प्रिन्स कॉन्सॉर्ट वगैरे. एकेका इंजिनाचं चाक ५२ टनांचं, वरची तुळई ४७ टनांची. भोवती ओतीव लोखंडाची रंगवलेली पानंफुलं. "गटाराला देव्हारा केलाय की हो," इति वहिनी. आणि त्या देव्हाऱ्यातून काय व्हायचं? मैला टाकीत साठवायचा आणि ओहोटी लागली की तसाच नदीत सोडायचा. आजही इकडे मोठा पाऊस पडला की नदीत काय काय जातं, यावर बातम्या येतात आणि पाण्याचं बिल मात्र वाढतच जातं. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. मुळा-मुठेवरून लगेच उत्तर आलं असतं आणि ते मला नको होतं.

सरकारनं जपलं म्हणे! १९५०च्या दशकात हे बंद पडलं, तेव्हा इंजिनं मोडून भंगारात विकणंच महाग पडत होतं, म्हणून ती तशीच गंजत राहिली. १९८५पासून हौशी माणसं, बरीचशी निवृत्त, शनिवार-रविवार खर्ची घालून गंज खरवडत राहिली. प्रिन्स कॉन्सॉर्ट पुन्हा फिरलं ते २००३मध्ये. एका इंजिनाला अठरा वर्षं. शेजारचा भाग अजून गंजलेलाच आहे. रंगवलेला आणि न रंगवलेला खांब शेजारी शेजारी उभे दिसतात. मला तेच जास्त आवडतं.

मग मी ग्रुपवर ठणकावलं, की पुण्याकडे याच्याही शंभर वर्षं आधीचं कात्रजचं पाणी आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात जमिनीखालून, पंपाशिवाय, नुसत्या उतारानं शहरातल्या हौदांपर्यंत आणलेलं. मध्ये मध्ये हवेसाठी वाटा, त्यांना म्हणतात उच्छ्वास. आणि ते प्यायचं पाणी होतं, मैला नव्हे! पुतण्यानं पहिल्यांदा अंगठा दाखवला.

पण आतेभाऊ खवचट. त्यानं विचारलं, "तू पाहिलेत का रे उच्छ्वास?"

नाही पाहिले. पुण्यात पंचवीस वर्षं काढली. फडके हौदावरून हजारदा सायकल मारली, पण हौद कुठाय हे एकदाही विचारलं नाही. हौद म्हणजे चौकाचं नाव, एवढंच. उच्छ्वास हा शब्दसुद्धा मी वाचला तो इथे, एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनमध्ये, फोनवर. आता पुण्यात उतरलो की हॉटेलात राहतो. पेठेतली खोली मीच सही करून विकली. ते वाडे पडतात त्यात माझीही सही आहे, हे आतेभावाला ठाऊक आहे. तो बोलला नाही, ही त्याची सज्जनता.

त्या दिवशी निघताना बॉयलर सूटमधल्या एका आजोबांनी विचारलं, "कुठून आलात?" मी सवयीनं "इंडिया" म्हणायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं "प्लमस्टेड." आजोबा खूश. "मग जवळच की! आठवड्यातून एक दिवस या, हात कमी पडतात." त्यांनी फॉर्म दिला. ग्रीसचा अंगठा कोपऱ्यावर उमटलेला.

तो फॉर्म फ्रिजवर आहे, सिंहगडाच्या मॅग्नेटखाली. कौन्सिल टॅक्सच्या पत्रानं अर्धा झाकलेला.