'गॅस झालाय' हे घरात बसून कोण ठरवतं?

सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज. डावीकडे दुखलं तर हृदय, उजवीकडे दुखलं तर गॅस, आणि एकटे असताना ॲटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा. खाली शिकल्यासवरल्या माणसांचे जोडलेले हात. माझं डोकंच फिरलं. खोकून हार्ट ॲटॅक थांबत नाही हो! खोकत बसाल तेवढ्या वेळात १०८ ला फोन होतो.

काकीचं काय झालं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, तरी लिहिते. गणेशचवथीच्या आधीचे दिवस. नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं... नारळ खवायचे म्हटलं की आमच्याकडे आदोळीवर काकीच बसणार. तिचा डावा खांदा दुखायला लागला, मधूनच छातीत दाबल्यासारखं व्हायचं. घरात लगेच निकाल लागला, नारळ खवून खवून दुखतंय. तीही म्हणायची, "कांयच ना गो बाये." ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं, खांद्याला तेल चोळून झालं. कळ यायची आणि थोड्या वेळात जायची, म्हणून कुणालाच घाई नव्हती.

पण जरा बघा ना नीट. आदोळीवर ती तासभर बसायची, तेव्हा दुखत नसे. हात उंच करून फळीवरचा डबा काढायची, तेव्हाही नाही. दुखायचं ते घराखालची घाटी चढताना. फुलांची परडी घेऊन येताना अर्ध्या वाटेवर आंब्याला हात टेकून उभी राहायची, आणि उभी राहिली की कळ ओसरायची. हे आखडलेल्या खांद्याचं लक्षण आहे का? चढताना हृदयाला रक्त जास्त लागतं, रक्तवाहिनी अरुंद झालेली असली की ते पुरत नाही. मग कळ छातीतच येते असं नाही, खांद्यात, हातात, जबड्यात, पाठीतही येते.

एका दवाखान्यात ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन परत पाठवलं. दुसरीकडे ईसीजी नॉर्मल आला आणि घर निश्चिंत झालं. अहो, दुखत नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो! शेवटी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ॲंजिओग्राफी झाली तेव्हा ब्लॉक दिसला.

मान्य, प्रत्येक कळ हृदयाची नसते. फ्रोझन शोल्डर असतो, मधुमेह असलेल्यांना तर जास्तच. मानेतली नस दबते. बरगड्यांच्या सांध्याला सूज आली की बोट दाबल्यावर नेमकं तिथेच दुखतं. पित्ताशयात खडे असले की कळ उजव्या खांद्यापर्यंत जाते. जेवून आडवं झाल्यावर आम्ल वर येतं, नागिणीचे फोड यायच्या आधी नुसतीच आग होते, काळजीनेही छाती दडपते. असेल यातलं काहीही. पण ते तपासून ठरतं, ओव्याची पुडी सोडत ठरत नाही.

आणि खरा राग मला वेगळाच आहे. घरातल्या एका पुरुषाच्या छातीत रात्री जेवल्यावर जळजळलं, तर मध्यरात्री गाडी निघाली. ॲसिडिटी निघाली, कुणी काही बोललं नाही, आणि बोलूही नये. काकी महिनाभर घाटीवर थांबत होती तेव्हा मात्र "दमली असेल", "वय झालं आता". बायकांना ॲटॅक येताना छातीतल्या कळेबरोबर, कधी कधी तिच्याशिवायही, धाप लागते, मळमळतं, अंगातलं त्राण जातं. मधुमेह असला तर दुखणं जाणवतही नाही कधी कधी. बाई दमलीय म्हणताना एवढं तरी डोक्यात असू द्या.

काकी का बोलली नाही ते मला कळतं. चवथीत आपल्यामुळे खोळंबा नको. तिची सासू तशीच होती, माझी आई तशीच आहे. तिला कोण काय बोलणार? आज स्टेंट घालून ती हिंडतेफिरते, ती घाटी न थांबता चढते, हे बघून माझाच जीव हलका होतो.

म्हणून विचारायचं ते एवढंच, दुखणं कधी येतं आणि कशाने जातं? चालताना येऊन बसल्यावर जात असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. बसल्याजागी येऊन काही मिनिटांत थांबत नसेल, किंवा घाम फुटत असेल, किंवा धाप लागत असेल, तर थेट १०८. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. 'स्टेमी गोवा' या हार्ट ॲटॅकसाठीच्या सरकारी योजनेत आरोग्य केंद्रातला ईसीजी गोमेकॉतल्या तज्ज्ञांना दाखवून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देतात, तेही फुकट. आपल्या दारात एवढी सोय असून आपण खोकायचं?

इथले जे आरोग्य केंद्रांत काम करतात त्यांनी खाली लिहा, तुमच्याकडे रात्री ईसीजी होतो का. तालुक्यांप्रमाणे यादी करून मी ती त्याच ग्रुपवर टाकणार आहे.