घाशीराम मी नऊ वेळा का पाहिलं

परवा भाचीनं फोनवर विचारलं, "मावशी, तू एकच नाटक नऊ वेळा पाहिलंस? गोष्ट तर पहिल्याच वेळी कळली असेल ना?" तिला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

नाटक विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल'. नऊपैकी सहा प्रयोग पुण्याच्या थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेच्या संचाचे पाहिले, उरलेले वेगवेगळ्या हौशी मंडळींचे. आणि मी काही एकटी नाही. ज्यांनी हे नाटक त्या काळात पाहिलं, त्यांच्यासमोर नुसतं नाव काढून बघा. माणूस खुर्चीत सरसावून बसतो, हाताचा ठेका मांडीवर सुरू होतो आणि मग "आम्ही पाहिलेला प्रयोग" सुरू होतो. बाकीच्या नाटकांचं आपण कथानक सांगतो किंवा नटाचं काम सांगतो. घाशीरामचं मात्र लोक आधी चाल म्हणून दाखवतात.

मी पहिल्यांदा पाहिलं ते १९८५ मध्ये, पुण्यात. मी सोळा वर्षांची. मामा घेऊन गेला होता, आणि घरात आजोबांना सांगायचं नाही असं आमचं आधीच ठरलेलं. दुसऱ्या रांगेत डावीकडच्या कडेला बसलो होतो. पडदा वर गेला आणि समोर दुसरा पडदा उभा, माणसांचा! धोतर, उघडं अंग, जानवं, शेंडी अशी दहा-बारा माणसं एका रांगेत, एका लयीत डुलताहेत, गाताहेत. मी इतकी जवळ होते की लाकडी रंगमंचावर पावलं आपटली की त्याचा हादरा माझ्या खुर्चीला जाणवायचा. गणपती नाचत आला, सरस्वती आली, लक्ष्मी आली. मी मान डोलवायला लागले. मामानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हसला.

मग त्या रांगेनं पाठ फिरवली.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना हे कसं सांगावं कळत नाही. मघापर्यंत आपल्याकडे बघून गाणारी माणसं एका क्षणात भिंत होतात. समोर फक्त घामानं चमकणाऱ्या पाठी. त्या पाठींच्या पलीकडे काहीतरी चाललंय हे आपल्याला कळतं, आणि गाणं मात्र थांबत नाही. रांग परत वळते तेव्हा तेच हसरे चेहरे, जसं काही झालंच नाही. कधी ती रांग पुण्याची गल्ली होते, कधी बावनखणीतली, म्हणजे पेशवाईतल्या पुण्यातल्या कलावंतिणींच्या वस्तीतली गर्दी, कधी कीर्तनाचे श्रोते. नेपथ्य म्हणून जे काही आहे ते मुख्यतः ही माणसंच.

मी वाढले नाट्यसंगीताच्या घरात. आई स्वयंपाक करताना 'सौभद्र'मधली पदं गुणगुणायची. संगीत नाटक म्हणजे काय याची माझी कल्पना पक्की होती: गोष्ट चालू असते, मग नायक दोन पावलं पुढे येतो, ऑर्गनवाला सूर देतो, गोष्ट थांबते आणि पद सुरू होतं. पद रंगलं की वन्स मोअर. तिथे गाणं म्हणजे गोष्टीतला विसावा. इथे गाणं क्षणभरही थांबत नाही, वन्स मोअर म्हणायला फट कुठे राहतच नाही. टाळीसाठी हात वर उचलावा तोवर अभंगाचा ठेका लावणीकडे सरकलेला असतो, आणि आपण देवळातून निघून कधी बावनखणीत पोहोचलो ते कळत नाही. भास्कर चंदावरकरांनी या नाटकाला चाली लावल्या एवढंच म्हणणं मला फार अपुरं वाटतं. त्यांनी संगीतालाच या नाटकाचं मुख्य पात्र केलंय, आणि ते पात्र अतिशय लबाड आहे.

लबाड का, ते सांगते. भाचीला द्यायचं उत्तर इथेच आहे.

नाटकाची गोष्ट थोडक्यात अशी. कनौजहून पुण्यात पोट भरायला आलेला घाशीराम. त्याच्यावर ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याच्या वेळी चोरीचा आळ येतो, मारहाण होते, पुण्याबाहेर हाकललं जातं. तो सूड घ्यायचा ठरवतो. पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीस याची नजर त्याच्या पोरीवर पडलेली असते. घाशीराम पोटची पोर त्याच्या हवाली करतो आणि बदल्यात पुण्याची कोतवाली मागून घेतो. पुढे त्याचा जुलूम, पोरीचा मृत्यू, आणि शेवटी नानानं सहजपणे त्याला जमावाच्या तोंडी देणं.

ती पोर, गौरी, साधारण माझ्याच वयाची. नाना तिच्या मागे लागतो तो प्रसंग चालू होता. हरिनामाचा घोष, टाळ, ठेका. माझा पाय खाली ताल धरत होता. पुढे केव्हातरी माझं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. पलीकडे एका मुलीची धूळधाण चाललीय आणि मी चपलेनं सम गाठतेय! मी पाय थांबवला. अगदी अंग चोरून बसले. आणि दोन मिनिटांत तो पुन्हा हलायला लागला.

माझ्या मते या नाटकाचे सगळे वेडे तिथेच अडकलेत. नाटक आपल्याला अन्याय दाखवतं, तेवढं तर शंभर नाटकं दाखवतात. हे नाटक आधी आपल्याला त्या रांगेत उभं करतं. भजन, कीर्तन, अभंग, लावणी हे सगळं आपल्या कानात लहानपणापासून आहे, त्याला विरोध करायची आपल्याला सवयच नाही. टाळ वाजला की मान डोलते, ढोलकी वाजली की खांदा उडतो. विजय तेंडुलकरांनी आणि चंदावरकरांनी नेमकी तीच सवय पकडली. पुढे एका माणसाकडून कबुली काढण्यासाठी तापलेला लोखंडी गोळा हातावर ठेवला जातो, तेव्हाही नामघोष चालूच असतो आणि आपण त्या तालाच्या आत असतो. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी ठरवून गेले होते की या वेळी सावध राहायचं. तिसऱ्यांदाही तसंच ठरवलं होतं. नऊ वेळांत एकदाही जमलं नाही. मी पुन्हा पुन्हा जाते ती स्वतःला तो क्षण पकडायला.

जागा बदलूनही पाहिलं. चौथ्या प्रयोगाला मुद्दाम बाल्कनीत बसले. तिथून चेहरे दिसत नाहीत पण आकृत्या दिसतात. रांग कशी तुटते, तिचं वर्तुळ कसं होतं, त्या वर्तुळात एक माणूस कसा सापडतो. कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना खरी वरूनच वाचता येते. खाली बसलं की तुम्ही गर्दीतले असता, वर बसलं की गर्दी कशी तयार होते ते दिसतं. दोन्ही जागांवरून पाहावं असं हे नाटक आहे.

आता एक गोष्ट, जी मला आजही थक्क करते. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात झाला, तेव्हा दिग्दर्शक जब्बार पटेल तिशीचे होते आणि म्हातारा, चळलेला नाना करणारे मोहन आगाशे पंचविशीचे. दोघेही डॉक्टरकीच्या वाटेवरचे. रमेश टिळेकर घाशीराम. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्यासारखे गाते गळे याच ताफ्यातले. दिवसभर आपापले उद्योग सांभाळून संध्याकाळी तालमीला जमणारी ही मंडळी. हे नाटक रंगमंचावर आणणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेनं अवघ्या १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवलं, ब्राह्मणांची आणि नानांची बदनामी होते अशी ओरड होती. मग याच मुलांनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ च्या जानेवारीत घाशीराम पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये युरोपचा दौरा ठरला तेव्हा पुन्हा विरोध, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, तरी दौरा झाला. मराठीचं अक्षर न कळणाऱ्या लोकांसमोर ती रांग डुलली आणि तिथेही पोहोचली.

प्रेक्षकांच्या वेडामागे या जिद्दीचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. आणि त्या रांगेत कुणी नायक नाही, हेही आहेच. कॉलेजमधल्या कुठल्याही मुलाला नाना होता येणार नाही, पण रांगेतला सातवा माणूस होता येईल. किती गावांतल्या किती मुलांनी धोतर नेसून हे करून पाहिलं असेल! मी पाहिलेल्या एका हौशी प्रयोगात रांगेतल्या एकाचं धोतर सुटत आलं होतं. शेजारच्यानं गाता गाता, ठेका न चुकवता, मागून गाठ मारून दिली. मला तो प्रयोग बाकी फारसा आठवत नाही, ती गाठ आठवते.

आजोबांचं सांगायचं राहिलं. त्यांना नंतर कळलंच. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "नाना नसते तर पुणं टिकलं नसतं, हे त्या नाटकात आहे का?" मी गप्प बसले, कारण ते खरंच नाही. पानिपतातून जीव वाचवून आलेला, नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंचा कारभार उभा करणारा, इंग्रजांशी झुंजून १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत राज्य नेणारा नाना या नाटकात कुठेच नाही. तेंडुलकरांनी स्वतः हे ऐतिहासिक नाटक नव्हे असं सांगून ठेवलंय. पण नाव खरं वापरलं की माणूसही खरा येतो, त्याचं काय? मी कितीही घाशीरामवेडी असले तरी इथे मला आजोबांचं पटतं. नानांवर अन्याय झालाय. तो अन्याय केल्याशिवाय हे नाटक झालं नसतं, असंही मला वाटतं. दोन्ही गोष्टी मी एकत्रच बाळगून आहे, त्यांची वजाबाकी करायला मला जमलेलं नाही.

मात्र इतिहासाकडे मला वळवलं ते याच नाटकानं. शाळेत नाना फडणवीस म्हणजे 'साडेतीन शहाण्यांपैकी एक', यापुढे गाडी गेली नव्हती. नाटक पाहिल्यावर मी शोधत सुटले. घाशीराम सावळदास नावाचा कोतवाल खरंच होता. १७९१ मध्ये तेलंगी ब्राह्मणांना त्यानं कोंडून ठेवलं, त्यातले बरेच गुदमरून मेले, आणि मग खवळलेल्या लोकांनी घाशीरामला दगडांनी ठेचून मारलं, हेही खरं. १८६३ मध्येच मोरोबा कान्होबांनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं होतं, हे कळल्यावर तर मी उडालेच. पुढे वाईजवळ मेणवलीला नानांच्या वाड्यात गेले. मागच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसले, समोर कृष्णा शांत वाहत होती. आणि माझ्या डोक्यात त्या नाटकातला ठेका सुरू झाला. मला तेव्हा खरोखर अपराधी वाटलं, ज्याच्या दारात बसले होते त्याच्याविषयी. उठावंसं मात्र वाटलं नाही.

भाची म्हणते तसं गोष्ट पहिल्याच वेळी कळते. पण पहिल्या वेळी आपण घाशीरामकडे बघतो. दुसऱ्या वेळी नानाकडे बघतो, तो किती थोडं बोलून किती करवून घेतो ते. तिसऱ्या वेळेपासून डोळा त्या रांगेवरून हलत नाही. घाशीरामला मारहाण करणारे तेच. तो कोतवाल झाल्यावर त्याला घाबरणारे तेच. शेवटी त्याला दगड मारणारे तेच. आणि नाना उत्सवाची घोषणा करतो तेव्हा नाचणारेही तेच.

त्या पहिल्या प्रयोगात मी शेवटच्या नाचाला सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मामाचे हात मांडीवर होते. बाहेर आल्यावर सायकल काढताना तो म्हणाला, "आवडलं ना?" मी म्हटलं, "हो." आणि मग घरापर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही. नाटकातली गाणी इतकी चढलेली असूनही वाटेत कुणी एक ओळ गुणगुणली नाही.

माझ्याकडे एक जुनी, घासलेली कॅसेट आहे. काल तिच्यातला थोडा भाग फोनमध्ये उतरवून भाचीला पाठवला, काही न सांगता. रात्री तिचा निरोप आला. "मावशी, कसला भारी ठेका आहे! ऑफिसात लावला तर आजूबाजूचे सगळे पाय हलवायला लागले." तो गौरीच्या प्रसंगातला तुकडा आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी ती घरी येतेय, तेव्हा समोर बसवून सांगेन.